ओला कचरा जागच्या जागी: शंभर घरांचं गणित, बादलीपासून चाळणीपर्यंत

कोरडा_पाला (धागाकर्ता)

चर्चा वाऱ्यावर जाऊ नये म्हणून एकच उदाहरण धरू. मोठ्या शहरातलं एक संकुल, साधारण शंभर घरं. घरटी दिवसाला अर्धा किलो ओला कचरा, म्हणजे रोजचे ५० किलो. हा आकडा फक्त हिशेबापुरता आहे. खरा आकडा सलग सात दिवस वजन करूनच काढा, आणि त्यात सुट्टीचे दिवस आलेच पाहिजेत. तेव्हा स्वयंपाकघर जास्त चालतं.

खताचा विषय निघाला की पहिला प्रश्न विरजणाचा असतो: कुठली पावडर, कुठलं द्रावण, किती चमचे. मला हा प्रश्न शेवटचा वाटतो. अन्नकचऱ्यावर लागतील तेवढे जिवाणू बसलेलेच असतात. घोडं अडतं ते पाण्यापाशी.

१० किलो ओला कचरा घ्या. त्यात ८ किलो पाणी आणि घन भाग जेमतेम २ किलो. ढीग नीट कुजायला ओलावा ५० ते ६० टक्के लागतो. वाळलेल्या पाल्यात १५ टक्के पाणी धरलं, तर ८० वरून ६० वर येण्यासाठी या १० किलोला साडेचार किलोच्या आसपास पाला लागतो, नेमका ४.४. ताळा करून बघा: पाणी ८ अधिक पाल्यातलं ०.६७, एकूण वजन १४.४, भागाकार ६० टक्के.

आता कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे एक भाग नत्राला (नायट्रोजन) किती भाग कर्ब (कार्बन). अन्नकचऱ्याचं १५-१६, पाल्याचं ५० च्या पुढेमागे. वरच्या मिश्रणाचं जवळपास ३० येतं, म्हणजे हवं तेवढंच. पाण्याचा हिशेब बसवला की कर्ब-नत्राचा आपसूक बसतो. उलट मात्र होत नाही. पाल्याऐवजी लाकडाचा भुसा घ्या, त्याचं गुणोत्तर ४००-५००. दहा किलोला २ किलो भुशातच गुणोत्तर ३० होतं, पण ओलावा ६८ टक्क्यांवरच राहतो. कागदावर सगळं बरोबर, आणि चौथ्या दिवशी नाक धरायची पाळी.

मापाने सांगायचं तर एक बादली ओला कचरा, दोन बादल्या चुरलेला पाला.

नवखा_माळी

दहा किलोला ४.४, म्हणजे ५० किलोला रोज २२ किलो पाला. वर्षाचे आठ टन झाले की हो! शहरात एवढा पाला आणायचा कुठून, आणि ठेवायचा कुठे?

ढवळ्या

आणि पाला बारा महिने पडतही नाही. दोन महिन्यांत सगळा खाली. चुरलेला पाला घनमीटरला साधारण ११० किलो भरतो, म्हणजे आठ टनांना ७० घनमीटरच्या वर जागा हवी. पाच बाय पाचची खोली छतापर्यंत भरली तरी पुरी पडायची नाही. बहुतेक संकुलांचं खत इथेच फसतं. पेटी घेतात, जागा देतात, माणूस नेमतात, आणि कोरड्याची सोय कुणीच बघत नाही.

चाळणीवाली

गणित बरोबर आहे, पण घाबरू नका. पाला वाढवायच्या आधी पाणी कमी करा.

त्याच १० किलो कचऱ्यातलं २ किलो पाणी घरातच निथळलं असं धरा. राहिला ८ किलो, त्यात पाणी ६, ओलावा ७५ टक्के. याला ६० वर आणायला पाला लागतो २.७ किलो. आधी ४.४ लागत होता. दोन लिटर पाणी मोरीत गेलं आणि चाळीस टक्के पाला वाचला. पाच टक्क्यांचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण घन भाग तेवढाच असल्यामुळे पाणी थेट पाव हिश्शाने उतरतं.

यासाठी यंत्र लागत नाही. सिंकमध्ये भोकांची चाळणी ठेवा. रसाळ, शिजवलेलं, धुतलेलं सगळं तिथे रात्रभर राहू द्या, सकाळी बादलीत टाका. बादलीच्या तळाला वर्तमानपत्राचा दुहेरी कागद. आणि बादली घट्ट झाकणाची नको, बाजूंना भोकं असलेली हवेशीर हवी. बंद डब्यात सुटलेली वाफ पुन्हा पाणी होऊन खाली येते आणि दुसऱ्याच दिवशी तळाशी रस्सा साचतो. वास कचऱ्याला येत नाही, त्या रश्श्याला येतो.

मिलान शहराने २०१२ च्या नोव्हेंबरपासून २०१४ च्या जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने घरोघरचा ओला कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, तेव्हा घराघरांत अशाच १० लिटरच्या हवेशीर बादल्या आणि कुजणाऱ्या पिशव्या दिल्या. पिशवीच्या आरपार थोडी वाफ निघून जाते, कचरा हलका होतो.

सूक्ष्मजीवी

चाळणीवाली ताईंना जोड देतो. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा भरावभूमीत टाकायला बंदी घातली आणि २०१३ पासून जेवढा कचरा तेवढे पैसे ही पद्धत आणली. सोलमधल्या अनेक इमारतींत कार्ड दाखवलं की पिंपाचं झाकण उघडतं, कचरा तोलला जातो आणि त्या घराच्या नावे नोंदतो. वजनावर पैसे लागले की माणूस पाणी पिळूनच येतो, कारण निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. तुमच्या संकुलात पैसे नका लावू हवं तर, पण मजलेवार वजन लिहून लावलं तरी फरक पडतो.

बादलीभर

वजनाचं निघालंच आहे तर गोळा करायच्या पिंपांबद्दल.

२४० लिटरचं चाकाचं पिंप ओल्यासाठी घेऊ नका. ओला कचरा लिटरला अर्धा किलोच्या वर भरतो, म्हणजे भरलेलं पिंप सव्वाशे किलोच्या पुढे. पायरी आली की एकट्या माणसाला ते आवरत नाही आणि चाकाची कडी तुटते. १२० लिटरचं घ्या, तेही पाऊण भरा. ५० किलोला अशी दोन पुरतात, एक धुवायला तिसरं. रोज पिंप ठेवायच्या आधी तळाशी तीन-चार बोटं पाला किंवा फाडलेला पुठ्ठा टाका. खाली चिकटत नाही, धुवायला निम्मं पाणी लागतं, आणि तो पाला पुढे ढिगातच जायचा आहे.

जागेबद्दल एकच नियम पाळा: ओल्याचं आणि सुक्याचं पिंप शेजारी शेजारी. ओल्याचं वीस पावलं लांब ठेवलंत तर ओला कचरा सुक्यात सापडेल. लोकांच्या स्वभावाला नावं ठेवण्यापेक्षा पिंप सरकवणं सोपं.

पिंपावर काय चालतं, काय नाही याची चित्रं लावा, तीही त्या संकुलात खरोखर सापडणाऱ्या चुकांची. महिन्यातून एकदा एक पिंप ताडपत्रीवर उपडं करा, नको ते वेगळं काढा, तोला, आणि आकडा पिंपावर चिकटवा. १०० मध्ये २ किलोपर्यंत हाताने निवडता येतं. पाच-सहाच्या वर गेलं की निवडणाराच सोडून जातो.

नवखा_माळी

नको ते म्हणजे प्लॅस्टिकच ना? आणि 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेल्या पिशव्या चालतात का?

बादलीभर

प्लॅस्टिक दिसतं तरी. फळांवरची चिकटपट्टी दिसत नाही, ती प्लॅस्टिकचीच असते आणि खतात जशीच्या तशी निघते. बऱ्याच चहाच्या पुड्यांची कड प्लॅस्टिकने चिकटवलेली असते: फाडून चोथा ओल्यात, पुडी सुक्यात. काचेचा एक फुटका पेला पडला तर ती सगळी खेप टाकून द्या, हातमोज्यातूनही कापतं. बॅटरी, औषधं, डायपर यांच्याबद्दल सांगायला नको.

सूक्ष्मजीवी

पिशव्यांचं मी सांगतो. 'बायोडिग्रेडेबल' या शब्दाला एकट्याने काही अर्थ नाही, किती दिवसांत आणि कशात ते लिहिलेलं नसतं. युरोपचं ईएन १३४३२ मानक असलेली पिशवी घ्या. त्याची अट अशी की १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरू नयेत आणि सहा महिन्यांत ९० टक्के कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन जावा. पण हे सगळं मोठ्या, गरम ढिगाच्या परिस्थितीत. पीएलए (अशा पिशव्यांत वापरलं जाणारं, पिष्टापासून केलेलं प्लॅस्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, मग ते तुटायला लागतं. बाल्कनीतल्या ३५ अंशांच्या कुंडीत तीच पिशवी वर्षभराने चाळणीत सापडली तर पिशवीला दोष देऊ नका.

ढवळ्या

बरं, कचरा आला, पाला आला. आता रचना.

जाळीच्या किंवा फटींच्या पेट्या, १.२ बाय १.२ मीटर, उंची १ मीटर. लहान केलीत तर उष्णता टिकत नाही, एक घनमीटरच्या खाली ढीग तापायला कुरकुरतो. खूप उंच केलीत तर स्वतःच्या वजनाने खालचा थर चेपतो आणि हवा बंद. ५० किलो कचरा आणि त्याचा पाला आठवडाभरात बसून-दबून साधारण अशी एक पेटी भरतो. चार आठवडे तापायचं, एक पेटी भरण्याची, एक रिकामी पालटण्यासाठी: सहा पेट्या. नंतर मुरायला वेगळी छपराखालची जागा, तिथे दोन महिने.

जाळी पाव इंचाची, म्हणजे ६ मिमी, आणि ती तळालाही हवी. उंदीर खालून उकरून येतो हे विसरायचं नाही. फुलझाडांच्या कुंपणाला असते ती मोठ्या भोकांची जाळी निरुपयोगी.

रोजचं काम असं. पेटीच्या तळाशी वीतभर जाड काड्या-लाकडाच्या चिपा. ताडपत्रीवर दिवसाचा कचरा पसरा, मोठे तुकडे फावड्याने तोडा (पाच सेंमीपेक्षा मोठं नको, पण लगदाही नको), पाला टाका, दोन घमेली अर्धवट झालेलं खत टाका. हेच विरजण, विकत काही लागत नाही. उलथापालथ करून पेटीत भरा. वर चार बोटं तयार खत किंवा खत चाळून वर उरलेला जाडा भाग पसरा. हे झाकण नाही, गाळणी आहे. खालून येणारा वास त्या थरात अडकतो आणि तिथले जिवाणू तो खातात.

थर देऊ नका. ओल्याचा थर, कोरड्याचा थर अशी सुंदर चित्रं सगळीकडे असतात. ओला थर आपल्या जागी सडतो आणि पाला आपल्या जागी कोरडा राहतो. कालवलंच पाहिजे.

कोरडा_पाला

कालवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. कुजणं वेगळं, सडणं वेगळं. हवा असेल तर कुजतं, नसेल तर सडतं.

हवा किती आहे ते मोजता येतं. १० लिटरची बादली घ्या. एक तृतीयांश मिश्रणाने भरा, १५ सेंमी वरून जमिनीवर दहा वेळा आपटा. दुसरा हिस्सा भरा, पुन्हा दहा वेळा. तिसरा भरा, पुन्हा आपटा, आणि काठोकाठ होईल असं वर टाका. वजन करा: ४ ते ६ किलो बरोबर, ७ च्या वर गेलं तर मिश्रण जड आहे. मग मापाने पाणी ओता, काठाला येईपर्यंत. ३ लिटर मावलं तर ३० टक्के पोकळी आहे, त्याच्या खाली नको. दोनच लिटर मावलं तर पाल्यापेक्षा जाड चिपा वाढवा, कारण पाला पाणी शोषतो पण ओला झाला की बसतो. चिपा बसत नाहीत.

मुठीची परीक्षा रोजची: मूठभर घट्ट दाबा. एक-दोन थेंब बोटांच्या फटीत दिसले की ठीक. धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटून गेला तर कमी.

नवखा_माळी

निथळून २.७ किलोवर आलो. हवा देणारा पंखा लावला तर पाणी उडतं ना? मग सुरुवातच ६५ टक्क्यांना केली तर?

कोरडा_पाला

तर पाला आणखी उतरतो. निथळलेल्या ८ किलोला १.६ किलो पुरतो. म्हणजे ५० किलोच्या हिशेबाला रोज ८ किलो. २२ वरून ८!

सूक्ष्मजीवी

थांबा. तिथे कर्ब-नत्र करून बघा. २२ च्या आसपास येतं. आता पाणी आवरलं, पण नत्र मोकळं झालं: अमोनिया सुटणार, डोळे चुरचुरणार, आणि खतातलं नत्र हवेत जाणार. त्या ८ किलोवर आणखी फाडलेला पुठ्ठा घाला. अंड्याचे ट्रे, कागदी नळ्या, खोक्यांचे चिकटपट्टी काढलेले तुकडे. पुठ्ठ्यात कर्ब भरपूर, नत्र जवळपास नाही. शहरात पाला कमी पडेल, पुठ्ठा कधीच पडत नाही.

कोरडा_पाला

मान्य. माझं वरचं 'आपसूक बसतं' हे ६० टक्क्यांच्या मिश्रणापुरतंच खरं, पंख्याच्या ढिगाला ते लागू नाही.

चाळणीवाली

पाल्याचे आठ टन कमी करायचा आणखी एक मार्ग तयार खताच्या चाळणीवर असतो. १० मिमीची जाळी ४५ अंशांत तिरकी लावा आणि फावड्याने खत फेका. वर जे उरतं (काड्या, चिपा, न कुजलेले देठ) ते फेकू नका. तेच परत पहिल्या पेटीत. त्यात पोकळी आहे, कोरडेपणा आहे आणि विरजणही आहे. चिपा अशा तीन-चार फेऱ्या टिकतात. झाडांच्या छाटणीच्या हंगामात एकदाच चिपा करून घेतल्या की वर्षाचा सांगाडा तयार.

खत ४५ टक्क्यांहून ओलं असेल तर चाळू नका, जाळी मातीच्या चिखलासारखी बुजते. दोन दिवस पसरून ठेवा.

नवखा_माळी

आता वासांचं सांगा कुणीतरी. आंबट येतो, सडका येतो, झोंबणारा येतो.

सूक्ष्मजीवी

तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

झोंबणारा म्हणजे अमोनिया. नत्र जास्त किंवा सामू (पीएच) वर. कोरडा कर्ब कालवा. कुणीतरी चुना किंवा राख टाकली आहे का तेही विचारा. 'आम्लता मारायला' चुना टाकायचा सल्ला फार फिरतो. चुन्याने सामू चढतो आणि ढिगातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. वासही येतो आणि खतही निकस होतं.

सडक्या अंड्याचा म्हणजे हवा नाही. पेटी उपसून बघा, बहुतेक खालच्या वीतभरात काळा, चकचकीत, गार थर सापडेल. तो वेगळा काढा, चिपांत कालवा, परत भरा. नुसतं वरून ढवळून तो थर सुटत नाही.

आंबट वासाचं प्रकरण मात्र समजून घेण्यासारखं आहे. अन्नकचऱ्यात साखर-पिष्ट लवकर फुटतं, आम्लं तयार होतात, सामू ५ च्या खाली जातो. तिथवर ठीक, थोडी हवा मिळाली की जिवाणू तीच आम्लं खातात. पण तोवर ढीग ४० अंशांच्या पुढे गेला तर कोंडी होते: आम्लात राहणाऱ्यांना उष्णता सोसत नाही, उष्णतेत राहणाऱ्यांना आम्ल सोसत नाही. ढीग ४०-४५ ला दिवसेंदिवस अडकून बसतो. अशा वेळी ढीग आणखी तापवायचा नाही, गार करायचा. पसरा, हवा द्या, ३५ च्या आसपास येऊ द्या, तयार खत १० ते २० टक्के कालवा. दोन-तीन दिवसांत सामू वर येतो आणि मग ढीग एकदम ५५-६० ला उसळतो.

ढवळ्या

तापमानाचे आकडे देऊन टाकतो. अर्धा मीटर दांड्याचा थर्मामीटर, मध्यभागी आणि कडेला अशी रोज दोन वाचनं, वहीत. रोगजंतू मरायला बंद पेटीत किंवा खालून पंख्याने हवा दिलेल्या ढिगात सलग ३ दिवस ५५ अंश. हाताने पालटायच्या ढिगाला १५ दिवस ५५ च्या वर आणि त्या काळात किमान ५ पालट्या, कारण कडेचा माल कधीतरी मध्यात यायला हवा. ६५ च्या पुढे चढला की उघडा. ७० ला कामाचे जिवाणूच मरतात आणि ढीग अचानक थंड पडतो. लोकांना वाटतं खत तयार झालं.

पंखा लावलात तर सतत चालवू नका. दर वीस मिनिटांनी दोन-तीन मिनिटं पुरे. जास्त हवेने ढीग गारही होतो आणि कोरडाही. ४० टक्क्यांखाली ओलावा गेला की काम थांबतं, आणि हा बिघाड कुणाला कळत नाही कारण वास येत नाही.

बादलीभर

अळ्या! एवढी चर्चा झाली आणि अळ्यांवर अजून कुणी घसरलं नाही, आश्चर्य आहे.

चाळणीवाली

:) घसरू. पेटीत दिसणाऱ्या जाडसर, वळ्यावळ्यांच्या, आधी पांढुरक्या आणि शेवटी काळपट होऊन भिंतीवर चढणाऱ्या अळ्या काळ्या सैनिकमाशीच्या. त्या अन्नकचरा झपाट्याने खातात, आणि ती माशी मोठी झाल्यावर घरात घोंघावत नाही. सोडून द्या. मात्र त्या फार झाल्या तर मिश्रण ओलं आहे असंच समजा.

घरमाशीच्या अळ्या बारीक, टोकदार, पांढऱ्या. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून कचरा घरात तीन दिवसांहून जास्त राहू नये आणि पेटीवरचा चार बोटांचा थर एकही दिवस चुकू नये. कोष ढिगाच्या थंड कडेला सापडतात. कडेचा माल उपसून मध्यात घाला, ५५ अंशांत संपतात. औषध फवारू नका, ढिगाचे जिवाणूही जातात.

चिलटं फळांच्या सालीवरच अंडी घेऊन येतात. साली कागदात गुंडाळून टाकल्या की बरीच कमी होतात.

नवखा_माळी

या सगळ्यापेक्षा ती २४ तासांत खत करणारी विजेची यंत्रं बरी नाहीत का?

सूक्ष्मजीवी

२४ तासांत खत होत नाही. भट्टी आणि फिरतं पातं आहे, कचरा वाळतो आणि भुगा होतो. तपकिरी दिसतो म्हणून खत म्हणायचं का? एक लिटर पाण्याची वाफ करायला, गरम करण्यासकट, ०.७ युनिट वीज लागते. १० किलो कचऱ्यातलं ७ लिटर उडवायचं तर पाच युनिट. ५० किलोला रोज पंचवीस, तेही काहीच वाया जात नाही असं धरून. हीच वाफ ढीग स्वतःच्या उष्णतेने फुकट करतो.

यंत्रवाल्यासमोर साधी परीक्षा करा. बाहेर आलेला भुगा मूठभर घ्या, मुठीच्या परीक्षेइतका ओला करा, पिशवीत बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर बुरशी आणि आंबट भपका आला, तर ते वाळवलेलं अन्न होतं. असा भुगा झाडाच्या मुळाशी टाकला तर तिथे सडतो, मुळांचा प्राणवायू खातो, झाड पिवळं पडतं.

ढवळ्या

एवढं काळं-पांढरं नको. जागा अजिबात नसेल तर तो भुगा साठवायला, वाहून न्यायला सोयीचा आहे, आणि दुसरीकडच्या ढिगात तो चांगला कुजतो. फक्त त्याला खत म्हणून विकू नये.

सूक्ष्मजीवी

एवढं मान्य.

बादलीभर

जागाच नसलेल्यांसाठी बोकाशी आहे. जपानमधल्या ओकिनावातल्या तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या जिवाणूंच्या मिश्रणावर चालते. घट्ट डबा, प्रत्येक थराला मूठभर आंबवलेला कोंडा, दाबून हवा काढायची, भरल्यावर दोन आठवडे बंद. इथे मात्र डबा घट्टच हवा, चाळणीवाली ताईंच्या हवेशीर बादलीच्या नेमकं उलट. बाहेर येतं ते लोणच्यासारखं आंबलेलं, सामू ४ च्या आसपास. मातीत पुरून आणखी दोन-चार आठवडे द्यावे लागतात. गांडुळांवर थेट टाकू नका.

नवखा_माळी

गांडुळं ५० किलोला चालतील?

चाळणीवाली

जागेचा हिशेब करा. चौरस मीटरला आठवड्याला साधारण ५ किलो. आठवड्याचे ३५० किलो, म्हणजे ७० चौरस मीटरचे वाफे. तेही १५ ते २५ अंशांत राखायचे. एका घराला उत्तम, शंभर घरांना आधी ढीग आणि मुरण्याच्या टप्प्यात गांडुळं, तापमान ३० च्या खाली आल्यावर.

नवखा_माळी

शेवटचे तीन प्रश्न. खालून निघणारं काळं पाणी खत म्हणून झाडांना देतात, ते बरोबर? तयार खत किती निघेल? आणि तयार झालं हे ओळखायचं कसं?

कोरडा_पाला

काळं पाणी निघालं तर आधी मिश्रण दुरुस्त करा. ते अर्धवट सडलेल्या कचऱ्याचं पाणी आहे, क्षार जास्त, रोगजंतूंची खात्री नाही. पानांवर तर मुळीच नको. नव्या, अजून न तापलेल्या पेटीत परत ओता. तापून गेलेल्या पेटीत ओतलंत तर मेलेले जंतू पुन्हा पेरल्यासारखं आहे.

उत्पन्न: १० किलो कचरा आणि ४.४ किलो पाला यांत घन भाग ५.८ किलो. निम्मा जळतो असं धरा, २.९ उरतो. ४० टक्के ओलाव्याला ४.८ किलो खत. '१०० किलोचे १० किलो' हा फिरणारा आकडा पाला न धरता आणि खत पार वाळवून सांगितलेला असतो. त्यावरून साठवणीची जागा आखू नका, हवी त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा निघेल.

सूक्ष्मजीवी

ओळखायच्या तीन परीक्षा, तिन्ही करा.

पिशवीची: वर यंत्राच्या भुग्याला सांगितली तीच. ओलं करून तीन दिवस बांधा, मातीचाच वास यायला हवा.

थर्मासची: ओलसर खत रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरा, आत थर्मामीटर, पाच दिवस ठेवा. खोलीच्या तापमानापेक्षा १० अंशांहून कमी चढलं तर पक्व. वीस-तीस चढलं तर परत मुरायला. ढीग थंड झाला म्हणजे झालं असं नाही, कोरडा पडूनही थंड होतो, म्हणूनच खत ओलं करून बघायचं.

बियांची: एक भाग खत, पाच भाग पाणी, तासभर ठेवून गाळा. ओल्या कागदावर मोहरीचे वीस दाणे त्या पाण्यात आणि वीस साध्या पाण्यात. तीन दिवसांनी दोन्हीकडचे मोड मोजा. खताकडे साध्याच्या ऐंशी टक्क्यांहून कमी आले, किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर अजून महिनाभर थांबा.

बादलीभर

चाळताना आणि कोरडा ढीग पालटताना मास्क लावा, बुरशीचे कण उडतात. दमा असणाऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी ते काम घेऊ नये.

नवखा_माळी

बियांच्या परीक्षेत दोन्हीकडचे कमी आले तर?

सूक्ष्मजीवी

तर मोहरी जुनी आहे. खताला काही बोलू नका, बी बदला.